कोंबडी अडते तेव्हा

गाय अडली की शेजारपाजारचे धावून येतात, डॉक्टरला फोन जातो, रात्रभर गोठ्यात दिवा जळतो. परसातली कोंबडी अडली तर बहुतेक घरांत ती दुसऱ्या दिवशी खुराड्याच्या कोपऱ्यात मेलेलीच सापडते आणि ‘काल तर चांगली होती’ एवढे म्हणून विषय संपतो. खरे तर काल ती चांगली नव्हतीच. अशक्त दिसली की बाकीच्या टोचून हैराण करतात, म्हणून कोंबडी दुखणे शक्य तितके अंगावर काढते. ती कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली आपल्याला दिसते तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. त्यामुळे या लेखातला मोठा भाग औषधाचा नाही, पाहण्याचा आहे, आणि औषधाच्या भागातही हात कुठे लावू नये हेच जास्त सांगायचे आहे.

आधी खुडूक कोंबडी बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिच्यामुळेच होतो. खुडूक झालेली कोंबडी खाणे कमी करते, दिवसभर पाटीत बसते, तिचा तुरा फिका पडतो आणि अंडी बंद होतात. नवख्या माणसाला ती आजारीच वाटते. तिच्याजवळ हात नेऊन पाहा. पिसे फुलवून ती गुरगुरते, चोच मारते. दिवसातून एक-दोनदा उठून घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते आणि भली मोठी, उग्र वासाची शिट टाकून परत पाटीत जाते. पोटाखालची पिसे तिने स्वतःच उपटलेली असतात. ही कोंबडी ठणठणीत आहे. पिल्ले हवी असतील तर तिच्याखाली अंडी ठेवा, २१ दिवसांत ती आपले काम करील. नको असतील तर पाटी काढून घ्या आणि तीन-चार दिवस तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासकट ठेवा. पोटाला खालून वारा लागत राहिला की खुडूक मोडते. गार पाण्यात बुचकळून काढण्याची काही गरज नाही.

दुसरा घोटाळा पिसे गाळण्याचा. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसे टाकून नवी घालते आणि तेवढे एक-दोन महिने अंडी देत नाही. थंडीत दिवस लहान होतो त्याचाही परिणाम असतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवसाचा उजेड ११ तासांवर येतो, आणि भरघोस अंडी देणाऱ्या जातींना १४ ते १६ तास उजेड लागतो. या दोन्ही गोष्टींना औषध नाही, लागतही नाही.

अडलेली कोंबडी मात्र वेगळी दिसते. ती पाटीत जाते, काही न देता बाहेर येते, पुन्हा जाते. शेपटी खाली पडलेली, पाय फाकलेले, अंग ताठ. थोड्या थोड्या वेळाने ती कुंथते आणि शेपटीखालचा भाग आत-बाहेर हलताना दिसतो. शिट थांबते किंवा नुसते पांढरे पाणी पडते, कारण अंडे आणि शिट यांची बाहेर पडायची वाट शेवटी एकच आहे. चोच उघडी टाकून धापा टाकते. उचलायला गेले तर पळत नाही. कधी कधी ती चक्क लंगडते किंवा पाय टाकूनच देते. ओटीपोटात अडकलेले अंडे पायाकडे जाणाऱ्या नसांवर दाब देते, त्याचा हा परिणाम. लोक मात्र पायाला मार लागला म्हणून हळद लावत बसतात.

तपासायचे तर तिला डाव्या काखेत धरा, तोंड मागे आणि शेपटी पुढे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे हाताला लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीत या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटे सहज मावतात. एकच बोट जेमतेम मावत असेल तर ती सध्या अंड्यावरच नाही, दुखणे दुसरे काहीतरी आहे. त्यानंतर या हाडांच्या आणि छातीच्या हाडाच्या मधल्या मऊ भागावर तळवा हलकेच ठेवा. तिथे टणक, गोलसर काही जाणवले तर अंडे असण्याची शक्यता मोठी. खात्री करायची असेल तर नख कापलेल्या, हातमोजा घातलेल्या बोटाला खोबरेल तेल लावून ते गुदद्वारातून सरळ, हळू, दीड-दोन इंच आत न्या. अंडे खाली आलेले असेल तर बोटाला लागते. बोट आत जात नसेल तर जबरदस्ती करू नका.

अंडे का अडते हे कळायला ते बनते कसे हे थोडे पाहू. कोंबडीत डाव्या बाजूचे एकच अंडाशय काम करते. तिथून पिवळा बलक सुटून अंडनलिकेत उतरतो. पांढरा बलक चढायला साधारण तीन तास, आतली पातळ कातडी चढायला तासाभराहून थोडे अधिक आणि कवच चढायला जवळजवळ २० तास लागतात. सगळे मिळून २४ ते २६ तास. म्हणून चांगली कोंबडीसुद्धा रोज थोडी उशिरा अंडे देते आणि मधेच एखादा दिवस खाडा करते. त्या खाड्याला घाबरू नये. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि खाल्लेल्यातले निम्मेच अंगी लागते, म्हणजे अंड्याच्या दिवशी चार ग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवे. आता कळीचा मुद्दा असा की अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकुंचन पावायला कॅल्शियमच लागते. ते कवचातच संपले तर अंडे तयार असते आणि ढकलायला जोर उरत नाही. पहिलेच अंडे देणारी तलंग, दोन बलकांचे मोठे अंडे, अंगावर चढलेली चरबी, पोटातले जंत, अंडनलिकेचा जुना संसर्ग ही आणखी कारणे आहेतच, पण परसात सगळ्यात जास्त वेळा पाहायला मिळते ती कॅल्शियमची उपासमार.

अंडे अडल्याची शंका आली की पहिले काम तिला बाकीच्यांपासून वेगळे करण्याचे. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा डालग्याखाली जुने गोणपाट घाला, वर फडके टाकून अंधार करा आणि पाण्याची वाटी ठेवा. पावसाळा-हिवाळा असेल तर जवळ साधा पिवळा बल्ब लावून ऊब द्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बल्ब नको, तिथे सावली आणि वारा हीच गरज असते. कित्येकदा एवढ्यावरच, कोणी टोचत नाही आणि कोणी पाहत नाही म्हटल्यावर, तासा-दोन तासांत अंडे पडते.

दुसरे काम कॅल्शियमचे. माणसांसाठी मिळणारी ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी घरात बहुधा असतेच. ती अर्धी किंवा एक, बारीक करून भिजवलेल्या पिठाच्या छोट्या गोळीत चारा. पातळ औषध द्यायचे असेल तर चोच उघडून घशात ओतू नका. कोंबडीच्या जिभेच्या अगदी मागेच श्वासनलिकेचे तोंड असते, ओतलेले औषध थेट फुप्फुसात जाते आणि अंड्याने न मेलेली कोंबडी औषधाने मरते. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचा, ती स्वतः गिळते.

तिसरे, शेक. टोपल्यात किंवा बादलीत हाताला सुखावेल इतपत कोमट पाणी घ्या, बाळाच्या अंघोळीचे असते तेवढेच. कोंबडीला त्यात बसवा, पाणी पोटापर्यंत यायला हवे. पंधरा-वीस मिनिटे हात तिच्या पंखांवर ठेवून शांत राहा. बहुतेक कोंबड्या दोन मिनिटे फडफडतात आणि नंतर चक्क डोळे मिटतात. बाहेर काढून टॉवेलने नीट कोरडी करा, कारण ओली कोंबडी गारठली तर शेकाचा फायदा उलटा होतो. गुदद्वाराच्या आतल्या कडेला थोडे खोबरेल लावा आणि तिला पुन्हा अंधारात ठेवून तुम्ही तिथून निघून जा. दर दहा मिनिटांनी फडके उचलून पाहणाऱ्या माणसामुळे कोंबडी मोकळी होत नाही. दोन-तीन तासांनी पुन्हा एकदा शेक देता येतो.

आता न करण्याच्या गोष्टी. पोट दाबून अंडे बाहेर काढायचा मोह आवरा, आत कवच फुटले तर त्याच्या धारदार कडा अंडनलिका फाडतात आणि संसर्ग पोटात शिरतो. सळई, चमचा, हेअरपिन यातले काहीही आत घालू नका. अंडे दिसते आहे म्हणून घरी ते फोडू नका. सुईने आतला बलक ओढून अंडे आकसवून काढण्याची रीत आहे, पण ती पशुवैद्यकाच्या हातची. एरंडेल पाजण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. एरंडेल आतड्यात उतरते आणि अंडे अडले आहे अंडनलिकेत, म्हणजे जुलाब लागून आधीच दमलेली कोंबडी आणखी सुकते, एवढेच. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. म्हशीला पान्हा सोडवायला काही गोठ्यांत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन चोरून वापरतात, आणि तेच ‘थोडेसे’ कोंबडीला टोचणारे महाभागही आहेत. पुढची वाट सैल झालेली नसताना किंवा अंडे आडवे असताना हे दिले तर अंडनलिका फाटू शकते. पशुवैद्यक ते देतात तेव्हा आधी तपासून आणि कॅल्शियम देऊन देतात.

किती वाट पाहायची? कोंबडी उभी राहते आहे, डोळे उघडे आहेत, पाणी पिते आहे, तर सकाळी सुरू केलेले उपचार संध्याकाळपर्यंत चालू द्या. कुंथायला लागून २४ तास उलटत आले तर मात्र दवाखाना. पाय लुळे पडले, तोंड उघडून श्वास चालू झाला, तुरा निळसर दिसू लागला, रक्त आले, तर तासाचीही वाट नको. एकदा ४८ तास गेले की वाचण्याची आशा फार थोडी उरते. गावात जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहेच, आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो. शहरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली असले तरी कोंबडी पाहायला सगळेच तयार नसतात. अशा वेळी मुंबईत परळचे, तसेच शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर त्यांच्या दवाखान्यात न्या. ‘एका कोंबडीसाठी डॉक्टर?’ असे घरात कोणीतरी म्हणेलच. पक्षी किती किमतीचा आहे यापेक्षा तो घराने पाळलेला आहे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

अंडे बाहेर पडते पण मऊ, कवचाविना, नुसत्या कातडीतले, ही तक्रार अडण्याच्या आधीची पायरी समजावी. गंमत म्हणजे ही अंडी बऱ्याचदा दिसतच नाहीत, कोंबड्याच ती खाऊन टाकतात आणि मालकाला वाटते की अंडी कमी झाली. पाटीतले गवत चिकट, पिवळे दिसले तर समजून घ्या. मऊ अंडे आत अडले तर ते काढणे जास्त अवघड असते, कारण स्नायूंना धरायला टणक असे काही नसते आणि बाहेरून हातालाही ते लागत नाही.

कारण बहुधा दाण्यात असते. ज्वारी, मका, तांदळाची कणी यांत कॅल्शियम नावालाच, १०० ग्रॅम दाण्यांत ग्रॅमचा पाव भागही नाही. वर्षाला ६०-८० अंडी देणारी देशी कोंबडी उकिरडा उकरून, किडे-गोगलगायी खाऊन आणि भिंतीचा चुना टोचून हे भागवते. पण ग्रामप्रिया किंवा कावेरीसारखी सुधारित जात आणून, तिला कुंपणात कोंडून, आजीच्या काळचे मूठभर दाणे टाकले तर हिशेब चुकणारच. पाण्यात चुन्याची निवळी घालण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. निवळीत चुना विरघळतो तो लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम, त्यात कॅल्शियम ग्रॅमहून कमी. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, म्हणजे पोटात गेले पाव ग्रॅमच्याही आत, आणि गरज आहे चार ग्रॅमची. शिवाय निवळी इतकी कडवट असते की कोंबड्या पाणीच कमी पितात. पानाचा ओला चुना तर तोंड भाजतो, तो कधीच देऊ नये.

त्यापेक्षा शिंपले द्या. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या-कालवांची टरफले घराघरांतून फेकली जातात. ती धुऊन, वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढी कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळायची गरज नाही, कवच चढायच्या वेळी, म्हणजे बहुतेक संध्याकाळी, कोंबडी स्वतःच वाटीकडे जाते आणि हवे तेवढे उचलते. फार बारीक पूड करू नका. जाडसर तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रभर पुरतात. देशावर पशुखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. तोही नसेल तर अंड्यांची टरफले दहा मिनिटे उकळून, वाळवून, चुरून द्यावीत. न उकळलेली, अंड्याच्याच आकाराची अर्धी टरफले टाकली तर अंडे खायची खोड लागते. याच्या जोडीला सकाळचे ऊन हवे, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. लेअर खाद्य देत असाल तर त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम आधीच असते, त्यावर शिंपल्याची वाटी चालते, पण गोळ्यांचा रतीब नको.

उन्हाळ्यात सगळे बरोबर करूनही कवचे पातळ होतात. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच घडायला लागणारा एक घटकच तुटतो. दुपारी सावली, ओले गोणपाट, दोन-तीनदा बदललेले गार पाणी आणि दाणे पहाटे-संध्याकाळी, इतका बंदोबस्त पुरतो.

अंग बाहेर येण्याचा प्रकार पाहवत नाही, पण ताबडतोब कृती केली तर कोंबडी वाचू शकते. गुदद्वारातून लालभडक, ओला गोळा बाहेर लोंबतो. खरा धोका बाकीच्या कोंबड्यांचा असतो. लाल रंग दिसला की त्या टोचत राहतात, आतडीसुद्धा ओढून काढतात. तिला लगेच वेगळी करा. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने गोळा धुवा, एक लिटरला चहाचे दोन सपाट चमचे मीठ पुरे. सूज फार असेल तर त्यावर साखरेचा जाड लेप पंधरा मिनिटे ठेवा, साखर पाणी ओढून घेते आणि गोळा आकसतो. पुन्हा धुवून, तेल लावलेल्या बोटांनी हळूहळू आत सारा. नंतर आठवडाभर अंधाऱ्या जागी ठेवा, उजेड कमी मिळाला की अंडी काही दिवस थांबतात आणि आतल्या स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. पुन्हा बाहेर आले तर टाका घालावा लागतो, ते डॉक्टरचे काम. वारंवार अंग बाहेर येणाऱ्या कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत.

सगळ्यात वाईट दुखणे पोटात बलक साचण्याचे. बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडतो, त्यात जिवाणू वाढतात. पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे हाताला लागते, कोंबडी पाठीमागे झुकून चालते, छातीचे हाड वर येते, तुरा सुरकुततो. याला घरगुती इलाज नाही. लवकर कळले तर पशुवैद्यक प्रतिजैविके देऊन पाहतात, पण पूर्ण बऱ्या होणाऱ्या थोड्याच. प्रतिजैविक चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत, विकायची तर नाहीतच. ‘मरायच्या आत कापा’ हा सल्ला अशा कोंबडीला लावू नका.

जाता जाता आरवणाऱ्या कोंबडीबद्दल. कोंबडी कोंबड्यासारखी आरवली की अपशकुन म्हणून तिची मान मुरगळतात. बहुतेक वेळा झालेले एवढेच असते की तिचे एकमेव चालू अंडाशय आजाराने निकामी झाले आणि शरीरातली नर-मादीची रसायने पालटली. ती आता अंडी देणार नाही, पण घराचे वाटोळेही करणार नाही.

एक कोंबडी आजारी असणे आणि कळपाचीच अंडी एकदम घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार-पाच कोंबड्यांची अंडी एकाच आठवड्यात कमी झाली, वेडीवाकडी-फिकट कवचे येऊ लागली, नाकातून पाणी, घशात घरघर, मान वळणे दिसले तर मानमोडी किंवा दुसरा साथीचा रोग समजून डॉक्टरला बोलवा. भराभर मरतुक लागली तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडली होती. एकट्या कोंबडीला हाताळल्यावरही साबणाने हात धुवायचेच, आणि शेकाची बादली पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

मोकळी झालेली कोंबडी दोन-तीन दिवस वेगळीच ठेवा. भिजवलेले दाणे, चिरलेली कोथिंबीर, पालक, शिंपल्याची वाटी आणि भरपूर पाणी द्या. पुढची दोन-तीन अंडी हातात घेऊन पाहा, कवच खरखरीत, पातळ किंवा रक्ताळलेले असेल तर ती अजून सावरलेली नाही. परत सोडताना भरदिवसा एकटीला सोडू नका, अंधार पडल्यावर खुराड्यात दांडीवर बाकीच्यांच्या शेजारी बसवा. सकाळी कमी मारामारी होते. नवीन तलंगा आणल्या असतील तर अठरा आठवड्यांच्या आत त्यांना जादा दिवे लावून किंवा भरपूर कॅल्शियम चारून अंड्यावर आणायची घाई करू नका. लवकर अंड्यावर आलेल्या, अंग न भरलेल्या तलंगाच पहिल्या अंड्याला सर्वांत जास्त अडतात. आणि चार-पाच कोंबड्यांमागे एक पाटी, अंधाऱ्या कोपऱ्यात, कोरड्या गवताची ठेवा. फटींत पिसवा-गोचीड झाले असतील तर कोंबडी पाटीत जायचे टाळते आणि अंडे धरून ठेवते, म्हणून महिन्यातून एकदा गवत जाळून पाटी कडक उन्हात टाका.